जिन्याखालचा डबा

साखर सुटली म्हणून मनोनिग्रहाचं कौतुक करताय? डोंबलाचा मनोनिग्रह!

पंजाबातल्या अतिरेक्यांच्या काळात आम्ही चंदिगढला सरकारी क्वार्टरमध्ये होतो. माझ्या रक्तात साखर निघाली आणि बायकोने घरातलं गोड बंद केलं. वरच्या मजल्यावरच्या सरदार ग्रेवालजींना माझी दया आली. त्यांनी पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या तुपातल्या लाडवांचा, स्टीलचा डबा दिला. मी तो जिन्याखाली लपवला. ऑफिसला जाताना एक खायचा, येताना एक.

तेव्हा बेवारस डबा दिसला की लोक पळत सुटायचे. एका सकाळी अख्खी बिल्डिंग रस्त्यावर आली. पोलिसांनी जपून झाकण उघडलं, तर आत पिन्न्या.

"किसका है?"

बायको शेजारीच उभी होती. मी गप्प बसलो.

डब्याच्या बुडावर ग्रेवालजींचं नाव कोरलेलं होतं. त्या दिवसांत सरदाराचं नाव, तेवढं पुरलं. जीपमध्ये घालून नेलं त्यांना. मी तेव्हाही गप्पच.

तिसऱ्या दिवशी सोडलं. लंगडत जिना चढत होते. मी दार उघडलं, तर हळूच म्हणाले, "आपका नाम नहीं लिया जी. भाभीजी नाराज हो जातीं."