कोरं पान

हसू नकोसा, पण टेम्प्लेट बिघडलंय म्हणून मी एक अख्खी सकाळ घालवलतो.

वडगावात आमचे दोन माग. त्यांच्या खडखडाटात घरात सगळेच ओरडून बोलतात. वेबसाइट शिकताना धडे ऐकू यावेत म्हणून मी हेडफोन घालून बसायचो. सरावाला एक पान केलतो: जो माग चालू, त्याच्यावरची साडी त्यात दिसायची. माग थांबला की फोनवर त्याच्यापुढची टीक काढून टाकायची, हे वडलांना, आप्पांना शिकवलतो.

त्या दिवशी पान कोरंच आलं. टेम्प्लेट, म्हंजे पानाचा साचा, ओळ न् ओळ तपासलो, सर्व्हर तीनदा बंद-चालू केलो. काय उपयोग न्हाय. आप्पा जेवायला बोलवायला आले, तसा हेडफोन गळ्यात घेतलो.

"थांबा की आप्पा. टेम्प्लेटात कुठंतरी चूक हाय, एकबी माग दिसंना."

"चूक न्हाय रं," आप्पा हळूच म्हणाले. "दोन्ही टिका मीच काढलो."

"मग परत कधी लावायच्या?"

"आता न्हाय लावायच्या."

जन्मात पहिल्यांदा मला आप्पांचं हळू बोलणं त्या घरात स्पष्ट ऐकू आलं.