टेबलावर ठेवलेल्या एकोणीस कोंबड्या

नाव चिमाबाई हैबती ढेबे, वय ५४ वर्षे, धंदा शेती व कोंबडीपालन, रा. करंबेकोंड, ता. पोलादपूर, जि. रायगड. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

मी नात गौतमी हिच्यासह राहते. माझ्याकडे बावीस गावठी कोंबड्या होत्या. महाडच्या कारखान्यांतले कामगार रविवारी येऊन कोंबड्या, अंडी नेत. त्यावर गौतमीचे कॉलेज चालत होते.

दि. १२ फेब्रुवारी रोजी दुपारी बारा वाजता पशुधन पर्यवेक्षक जितेश साहेब कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस घेऊन वाडीवर आले. "कोंबड्या आणा," म्हणाले. आमच्या कोंबड्या पहाटे रानात सुटतात, त्या तिन्हीसांजेला खुराड्यात येतात, हे वाडीतले शेंबडे पोरही सांगेल. मी म्हणाले, "सायेब, सांजच्याला या, एकूणएक धरून देतंय." साहेब म्हणाले, "मावशी, संध्याकाळी ऑफिस बंद असतं." खुडूक बसलेल्या तीन कोंबड्या तेवढ्या हाती लागल्या. त्यांना लस दिली, फोटो काढला आणि वहीत बावीस लिहिले. मी सही केली. शिकलेल्या माणसापुढे तोंड उघडले नाही, ही माझी चूक आहे.

दि. १ व २ मार्च या दोन दिवसांत एकोणीस कोंबड्या माना पिळवटून मेल्या. लस दिलेल्या तीन आजही अंगणात फिरतात. मी फोन केला असता साहेब म्हणाले, "तुमच्या बावीसही कोंबड्यांना लस दिल्याची नोंद आहे. मानमोडी होणारच नाही."

म्हणून दि. ३ मार्च रोजी सकाळच्या एसटीने मी एकोणीसही कोंबड्या पाटीतून नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मी त्यांना म्हणाले, "तुमी टोचल्याली यातली कंची, ती दावा." त्यावरून त्यांनी सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार दिली आहे. मी शिवी दिली नाही, काही फोडले नाही. वास आला, तो खरा. मला त्यांचा राग आहे, तेही लिहून घ्यावे.

आज ठाण्याबाहेर साहेबांनी मला बाजूला घेतले. कोंबड्या रानमांजराने मारल्या असे लिहून दे, तक्रार मागे घेतो, म्हणाले. मी लिहून देणार नाही. कोर्टात उभे केले तरी देणार नाही. रानमांजर आमच्या वाडीत येते, पण कोंबड्या घरी असताना येते. तेवढे त्याला कळते.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे.