आणखी चार फेऱ्या

नाही, नाही, आळशी नाही तुमची मुलगी — मीच बसवलंय तिला काठावर. जरा मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं. स्पर्धा? असू दे ना स्पर्धा. दमले म्हणाली, बसवलं. तक्रार करायचीय? करा खुशाल. पंधरा वर्षं पोहायला शिकवतेय मी इथं, आणि आधी मीही तुमच्यासारखीच होते — तुमच्याहून वाईट. माझी धाकटी याच पाण्यात पोहायची. सतराव्या वर्षी एकदम मागं पडायला लागली. कठडा धरून म्हणायची, "आई, हातपायांत जीवच नाही गं." मी काय म्हणाले असेन? "नाटकं पुरे. आणखी चार फेऱ्या." हातात घड्याळ धरून उभी होते मी. मारल्या तिनं, चारही मारल्या — बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडलेले. सात आठवडे दवाखान्यात होती. हृदय जाड झालं होतं, सुजलं होतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना, ठोक्याला लागणारी ताकद तिथं तयार होते. हिच्या विझत चालल्या होत्या. म्हणजे पोर खरंच सांगत होती हो, जीव नव्हताच — आणि मी घड्याळ बघत होते.

मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला साखर आहे का? ऐकायला कमी येतं?" म्हटलं, माझं काय विचारता, पोरीचं बघा. तर म्हणाल्या, साखर, बहिरेपण याच दोषानं येऊ शकतं, आणि हा दोष आईकडूनच उतरतो, बापाचा संबंध नाही. आईकडूनच. नवरा शेजारीच बसला होता. धाकटी गेली त्याला दोन वर्षं होतील.

हो, आहे ना, मोठी आहे. लग्न होऊन लांब असते, सहावा महिना चाललाय तिला. बरी आहे. म्हणजे — परवा फोनवर म्हणत होती, "आई, एक जिना चढले तरी धाप लागते गं, रात्री उशा रचून झोपते. पोटामुळंच ना?" मी म्हटलं, हो, होतं तसं, पहिलटकरणीला होतंच. तपासणी? सांगितली होती ना डॉक्टरीणबाईंनी, मोठीचीही लगेच करून घ्या म्हणून, चिठ्ठीही दिली होती. नाही, दिली नाही तिला. बहीण गेल्याच्या दुःखात होती, नंतर सांगू म्हटलं — मग दिवस राहिले, आनंदात होती — आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या बहिणीला मी दिलं, तुलाही दिलं असेल, आणि तुझ्या पोटातल्यालाही —

असं काय बघताय? मला कळत नाही का? धाप म्हणजे काय, ते मला कळत नाही का? दोन दिवस झाले त्या फोनला.

तुम्ही जा आता. नाही, पाणी नको, काही नको. फोन करायचाय मला. जा म्हटलं ना!