डावा स्पीकर

माझ्या स्पीकरचा किस्सा ऐकाच. बेंगळुरूला शिकून जाफराबादला परतताना मी दोन छोटे, स्वच्छ आवाजाचे स्पीकर आणले. बाबा आणि नामदेवकाका पूर्वी जोडीनं भीमगीतं गायचे. टेंभुर्णीच्या कार्यक्रमात ताल कुणी चुकवला यावरून जोडी फुटली. त्या कार्यक्रमाच्या कॅसेटवर दोघांचे आवाज वेगवेगळे टेप झाले होते. खरं काय ते कानांनी ऐकलं की भांडण मिटणारच, अशी माझी खात्री! दोघांना समोर बसवलं. कॅसेट लावली. डाव्या स्पीकरमधून बाबा, उजव्यातून काका गाऊ लागले. तिसऱ्या कडव्यात बाबांचा ताल सुटला.

काका बाबांकडे बघून हसले, "बोल आता, भगवान!"

बाबांनी स्पीकर नीट न्याहाळला. "डावा खराब हाय. जल्दी बदलून आण."

"बदलू नको, पोरा," काका म्हणाले, "मला ह्याच डाव्यासंगं गायचंय."