ताईची पहिली सीडी

तुम्ही मला कॉम्प्युटरवाला म्हणता ना, मग हे ऐका. ताई वकील झाली आणि कल्याण कोर्टात तिची पहिली केस लागली. सीसीटीव्हीचं फुटेज दुसऱ्या दिवशी सीडीवर द्यायचं होतं. हल्ली सीडी मिळते कुठे? ठाकुर्लीत कुणाकडे नव्हती, म्हणून बाबा डोंबिवलीला जाऊन दहाचं पाकीट घेऊन आलेले. मी म्हटलं, दे इकडे, दहा मिनिटांचं काम आहे.

अठ्ठेचाळीसच्या स्पीडला टाकली, राइट एरर. सोळावर आणली, तेच. चारवर दोनदा करून पाहिली, तरी तेच. चार सीडी फुकट घालवल्या आणि मी आपला ड्राइव्हला शिव्या घालतोय.

ताईने पाचवी माझ्या हातातून घेतली आणि उलटी करून पाहिली. चमकत्या बाजूवर, जिथे ड्राइव्हचा लेझर लिहितो तिथेच, कुंकवाचं बोट.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मग? तुझी पहिली केस आहे, पूजा नको? दहाच्या दहांना लावलंय. कुठली कोर्टात जाईल काय माहीत."

मी कपाळाला हात लावला. ताईने मऊ कपड्याने कुंकू पुसलं आणि चारच्याच स्पीडला सीडी एका फटक्यात बर्न झाली. मग तीच सीडी तिने बाबांपुढे धरली. "आता लावा, वरच्या बाजूला."

कोर्टात मी तिच्या बाजूलाच उभा होतो. क्लार्कने सीडी निरखून विचारलं, "मॅडम, हा लाल डाग कसला?"

ताई म्हणाली, "डाग नाही, माझ्या वडिलांची सही आहे."