उतारावर आडवा घातलेला टँकर

मी, ट्रकतळावर ज्याला सगळे उस्ताद म्हणतात तो, वय ४६ वर्षे, धंदा ॲसिडचा टँकर चालवणे, राहणार ट्रकतळाच्या मागे, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

अपघातातल्या दुसऱ्या टँकरचा चालक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. त्याला गाडी मीच शिकवली. शेठनी यंदा नवा टँकर घेतला, तो त्याला दिला. मला जुनाच ठेवला. त्याबद्दल मी शेठना काही बोललो नाही. भावाशी बोलणं कमी झालं.

आज दुपारी आम्ही दोघं कारखान्यातून ॲसिड भरून निघालो. तो पुढे, मी मागे. उतार लागल्यावर त्याच्या मागच्या व्हॉल्व्हमधून गळती दिसली. थेंब पडेल तिथे डांबरावर पांढरी वाफ उठत होती. मी हॉर्न दिला, दिवे मारले, शेवटी फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "दादा, तुला पुढे जायचंय ना? दम असेल तर ये." फोन ठेवून त्याने वेग वाढवला.

आता धार लागली होती. उताराच्या पायथ्याशी बाजार आहे, शाळाही त्याच सुमारास सुटते. मी ओव्हरटेक करून माझा टँकर रस्त्यात आडवा घातला. त्याने ब्रेक मारला, त्याची गाडी रस्त्याकडेच्या चारीत कलंडली. व्हॉल्व्ह तुटून ॲसिड चारीत वाहिलं. त्याचा पाय केबिनमध्ये अडकला होता, त्यावर ॲसिड आलं होतं. मी दार उचकटून त्याला ओढून काढलं, पायावर माझ्याजवळचं पिण्याचं पाणी ओतलं आणि मागच्या गाड्या लांबच थांबवल्या. माझे दोन्ही हात भाजले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.

दवाखान्यात आई त्याच्या उशाशी बसली होती. मला बघून म्हणाली, "बघवलं नाही ना तुला त्याचं चांगलं?" माझे हात तिने पाहिले नसावेत. मी बाहेर येऊन बसलो.

मी भावावर जळत होतो म्हणून टँकर मुद्दाम आडवा घातला, अशी शेठची तक्रार आहे. मुद्दाम घातला, हे खरं. जळत होतो, हेही खरं. कारखान्याच्या फाटकापासून माझी नजर त्या नव्या गाडीवरून हलली नव्हती. कुठे साधा ओरखडा तरी दिसतो का, ते शोधत होतो. म्हणून पहिलाच थेंब दिसला.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. "जळत होतो" एवढं खोडू का, असं त्यांनी विचारलं. राहू द्या म्हणालो.