दुखेल, एवढं खरं सांगायचं

माझं माहेर पेणचं, रामवाडीकडचं. वडील गणपतीच्या कारखान्यात, आई पण तिथंच मातीला, मग आम्ही भावंडं जाणार कुठं, साच्यांच्या मधूनच रांगलो आणि तिथंच मोठे झालो. सातवीनंतर शाळा सुटली आणि माझ्या हातात ब्रश आला, आधी उंदीर रंगवायचे, मग पाट, मग बोटांची नखं. डोळ्यांची आखणी तेवढी वडील करायचे, ती दुसऱ्या कुणाला देत नसत, आखणी चालली की मालक सुद्धा त्यांच्याशी बोलत नसे. आणि आमच्या कारखान्यात एक रीत होती, आखणीच्या वेळी पोरांनी डोळे मिटून बसायचं. देव डोळे उघडतोय, मध्ये बघायचं नाय. खरं तर पोरांनी हुंदडू नये, मूर्तीला धक्का लागू नये म्हणून ते, पण आम्ही एवढे घट्ट मिटायचो की डोळ्यांत चांदण्या दिसायच्या. काय सांगू तुम्हाला, याच रीतीनं मी पुढं एका पोरीला फसवलं.

लग्न होऊन रोह्याला आले. नवरा केमिकल कंपनीत कंत्राटी, आज शिफ्ट आहे, उद्या नाय. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी एका दवाखान्यात आया म्हणून लागले. दवाखान्याचं नाव लिहू नका, सगळीकडे तेच असतं. लादी पुसायची, बेडपॅनची भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, आणि पोरांना धरायचं. हे काम कागदावर कुठं लिहिलेलं नसतं, पण धर गो सुनंदा म्हटलं की मीच. सुई असो, टाके असो, ड्रेसिंग असो, एकीनं पाय धरायचे, एकीनं हात, आईला बाहेर काढायचं आणि उरकायचं. तोंडानं खोटं चालूच, काय नाय होत, मुंगी चावेल, तो बघ कावळा, बाप्या माणूस ना तू, रडतोस काय. पोरगं निळं पडेस्तोवर रडायचं आणि आम्ही म्हणायचो, झालं बघ, उगीच रडलास. उगीच? त्याला दुखलं ते उगीच?

एकदा एक सिस्टर म्हणाली, ह्या वाडीवरच्या पोरांना सवय असते हो. मी लादी पुसत राहिले. टेंपररी होते. पण ते वाक्य माझ्या अंगात अजून हाय. दुखण्याची सवय कुणाला असते? कुठल्या पोराची कातडी जन्मताना वेगळी येते?

आता ती पोरगी. स्वरा नाव, पाच वर्षांची, नदीकाठच्या गावातली. आई भात वेळून पेज काढत होती, पोरीनं टोप ओढला, गरम पेज उजव्या हातावर. मनगटापासून बोटांपर्यंत सगळं सोललेलं. बाप, दिनेश, तिला उचलून धावत आला तो कंपनीच्या कपड्यांतच. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, हात वाचेल, पण बोटं वेगवेगळी बांधायला लागतील, रोज सोडून बघायला लागतील, रोज हलवायला लागतील, नायतर कातडी आखडेल आणि मूठ उघडणार नाय. उजवा हात, लिहायचा, जेवायचा.

आधी सलाईनची सुई लावायची होती, डाव्या हाताला. पोरगी हात देईना. मला वाटलं मी लय हुशार. मी म्हटलं, बाय, आमच्या पेणला गणपती डोळे उघडतो तेव्हा पोरं काय करतात म्हायती हाय? डोळे मिटतात. मीट बघू, मी सांगेस्तोवर उघडू नको, आता देव डोळे उघडणार. तिनं मिटले. अगदी घट्ट, जशी मी मिटायची. सुई गेली. सिस्टर म्हणाली, वा सुनंदा, छान युक्ती. आणि पोरगी ओरडली पण नाय, तिनं डोळे उघडले आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला नजर द्यायला जमेना.

त्यानंतर ती पोरगी कुणाला जवळ येऊ देईना. डोळे मिटीना, झोप आली की दचकून उठायची, मला बघितलं की आईच्या पदरात. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला चौघांनी धरलं, तिसऱ्या दिवशी पाच जणांनी. दिनेश भडकला. म्हणाला, माझी पोर काय बकरी हाय काय, आम्ही घरी बघू. मॅडमनी किती समजावलं, नाय ऐकलं. पोरीला घेऊन गेला. चार दिवस घरी होती. कुणी सांगितला तो पाला लावला आणि सगळी बोटं एकाच फडक्यात गुंडाळून ठेवली.

ते चार दिवस मला जेवण गेलं नाय. नवरा म्हणाला, तू काय डॉक्टर हायस, तुला काय पडलंय? मी म्हटलं, डॉक्टर नाय म्हणूनच पडलंय, तिनं डॉक्टरवर नाय, माझ्यावर विश्वास ठेवला होता.

पाचव्या दिवशी ताप भरला तेव्हा घेऊन आले. मी मॅडमना गाठलं, म्हटलं, मॅडम, एक मागते, दुखायचं औषध आधी द्या, त्याला काम करायला वेळ द्या, मग ड्रेसिंग सोडा. आणि पोरीला कुणी धरायचं नाय, आई जवळ बसेल. सिस्टर म्हणाली, अगो, बाहेर लाईन बघ, हिचे लाड करत बसू? मी म्हटलं, पाच माणसं धरायला मिळतात, एक माणूस बोलायला मिळत नाय, हा कुठला हिशेब? माझाच आवाज मला नवा वाटला. मॅडम म्हणाल्या, बरोबर बोलते ती, औषध आधी द्या.

मग मी स्वरापुढं जमिनीवर बसले. म्हटलं, बाय, त्या दिवशी मी तुला फसवलं. चुकलं माझं. आज दुखणार हाय. फडकं सोडताना जास्त, पाणी टाकताना कमी. तू थांब म्हटलंस की सिस्टर थांबेल. मी केसपेपरची पाठची कोरी बाजू घेतली, म्हटलं, तुझा हात बांधलाय, मग तू मालकीण, मी कामगार, सांग काय काढू. मला वाटलं गणपती म्हणेल, तो मी झोपेत पण काढीन. ती आईच्या पदरातूनच म्हणाली, चिंबोरी.

आता मला चिंबोरी, म्हणजे खेकडा, खायला म्हायती! काढली आपली, गोल अंग आणि सहा पाय. पोरीनं बघितलं आणि कपाळाला आठ्या. ही काय चिंबोरी? हा तं ढेकूण हाय. मग किती पाय गो? आठ, आणि दोन नांग्या, मावशे तुला एवढं पण येत नाय? तिकडे सिस्टर फडकं भिजवून सोडवत होती, पोरगी मध्येच थांब म्हणाली, सिस्टर थांबली, पोरीनं दोनदा श्वास घेतला, मग परत माझ्यावर ओरडली, डोळे कुठं काढलेस, चिंबोरीचे डोळे बाहेर असतात, काठीवर! गालांवरून पाणी वाहतंय आणि मला शिव्या देतेय. रडली ती, नाय असं नाय. पण धरलं कुणी नाय.

दीड महिना चाललं. नदीतलं सगळं काढून झालं, कोळंबी, शिंपले, बोय मासा, आणि मी चुकायची ती खरीच चुकायची, मुद्दाम नाय. आता खोटं नको होतं. दिनेश रोज दारात उभा राहायचा, शेवटी शेवटी तोच मला म्हणायचा, मावशी, मिशा राहिल्या.

आता आमच्याकडे पोरांचं ड्रेसिंग असलं की औषध आधी देतात, आई जवळ असते. नव्या मुली येतात, विचारतात, मावशी, पोरांना गुंगवायचं कसं, शिकवा. मी सांगते, कागद घ्या, गाणं घ्या, काय वाटेल ते घ्या, पण आधी दुखेल म्हणून सांगा. मन दुसरीकडं न्यायचं ते पोराला विचारून, पाठीमागून नाय. आणि पोरगं रडलं तर रडू द्या, त्यात आपली काय अब्रू जात नाय.

स्वरा पहिलीत गेली. परवा आई घेऊन आली होती, मॅडमना हात दाखवायला. मूठ मिटते, उघडते, पेन्सिल धरते. करंगळी तेवढी सरळ होत नाय, आत वळून राहिलीय. मॅडम म्हणतात, पुढं बघू, ऑपरेशन करता येईल. आई म्हणते, काय नाय हो, बाकी सगळं झालं ना. पोरीला तर त्याचं काहीच नाय, त्याच बोटात रबर अडकवून फिरते.

ती करंगळी त्या घरच्या चार दिवसांची हाय, आणि ते दिवस माझ्या फसवण्याचे, हे मला ठाऊक हाय. पोरीला सुखी ठेव, एवढंच देवाकडे मागते. आणि माझ्या मनातून ते बोट जायला नको.